नऊ खणांचा माणूस

लग्नाच्या बायोडेटात 'स्वभाव' असा एक रकाना असतो. त्यात 'मनमिळाऊ, शांत' असं काहीतरी लिहिलेलं असतं. हे दोन शब्द म्हणजे काही माणूस नव्हे, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि वाचणाऱ्यालाही. खरा स्वभाव एका घरात राहायला लागल्यावर कळतो, आणि तोही सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. हाच रकाना अगदी मनापासून भरायचा आणि पुढचा सगळा न्याय त्याच्यावर तोलायचा, असा एक खेळ गेली पन्नास वर्षं जगात चाललाय. खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणि त्या रकान्याचं नाव 'अलाइनमेंट'.

मैत्रिणींनो, नाव परकं आहे म्हणून पान उलटू नका. या खेळात चांगलं-वाईट कसं ठरवलंय आणि त्यातल्या मंत्रांना कोणत्या न्यायानं पापी-पुण्यवान म्हटलंय, हे वाचताना मला आपल्या घरातले कितीतरी जुने वाद आठवले. माझा भाचा आणि त्याचे मित्र हा खेळ खेळतात. सुट्टीत महिनाभर ती जाडजूड पुस्तकं आमच्याच दिवाणखान्यात पडून होती. दुपारची कामं आटोपली की मी एकेक पुस्तक उचलून वाचत गेले. आधी गंमत म्हणून, मग वहीत टिपणं काढून.

खेळ असा. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण 'डन्जन मास्टर' होतो, म्हणजे कथेकरी आणि पंच दोन्ही. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी देवतेचा उपासक, ज्याला क्लेरिक म्हणतात. समोर पडदा नसतो, मोबाइल नसतो. कथेकरी सांगतो, "दार बंद आहे, बाहेर दोन पहारेकरी आहेत," आणि विचारतो, "तुम्ही काय करता?" जे करायचं ते तोंडानं सांगायचं, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचं. १९७४ साली अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी हा खेळ छापला. त्याआधी ही मंडळी छोट्या शिशाच्या सैनिकांच्या लढाया टेबलावर खेळत असत. हा खेळ त्या लढायांच्या पोटातून आलाय, आणि ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची आहे.

लढाईच्या खेळात पहिला प्रश्न असतो, कोण कुणाच्या बाजूला? म्हणून १९७४ च्या खेळात तीनच शब्द होते : लॉ, केऑस आणि मधले न्यूट्रल. सुव्यवस्थेच्या बाजूचे, अनागोंदीच्या बाजूचे आणि तटस्थ. ही कल्पना पॉल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतून घेतलेली. 'अलाइनमेंट' या शब्दाचा साधा अर्थच मुळी कुणाच्या रांगेत उभं राहणं असा आहे. नंतर १९७६ साली गायगॅक्सनी एका लेखात दुसरी मोजपट्टी आणली. सुव्यवस्था आणि अनागोंदी ही एक, गुड आणि ईव्हिल ही दुसरी. १९७८ च्या पुस्तकात या दोन पट्ट्या आडव्या-उभ्या ठेवून नऊ खण तयार झाले. 'लॉफुल गुड' म्हणजे नियम पाळणारा सज्जन, 'केऑटिक ईव्हिल' म्हणजे कशालाच न जुमानणारा दुष्ट, आणि मधोमध 'ट्रू न्यूट्रल', पक्का तटस्थ. रांगोळीच्या ठिपक्यांसारखं तीन गुणिले तीन.

माझा आक्षेप नऊ या संख्येवर नाही. पहिल्या तीन शब्दांनी बाजू सांगितली होती, नंतरच्या नऊ खणांनी शील सांगायला सुरुवात केली, पण रकाना तोच राहिला. त्यामुळे 'तो आमच्या विरुद्ध आहे' आणि 'तो वाईट आहे' या दोन वाक्यांत फरकच उरला नाही. भावकीत जमिनीचा वाद झाला की दोन पिढ्या हेच चालतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. खेळात मात्र ते नियम म्हणून छापलं गेलं, आणि त्याचा सगळ्यात स्पष्ट परिणाम मंत्रांच्या प्रकरणात दिसतो.

२००० साली खेळाची तिसरी आवृत्ती आली. तिच्यात काही मंत्रांवर चक्क 'ईव्हिल' असा शिक्का मारलाय. चांगल्या देवतेच्या क्लेरिकला ते मंत्र म्हणताच येत नाहीत. शिक्का कुणावर आहे ते बघा. प्रेताला उठवून कामाला लावणारा 'ॲनिमेट डेड' ईव्हिल. ठीक, अंगावर काटा येतोच. पण 'डेथवॉच' नावाचा एक लहानसा मंत्र आहे. आसपासच्यांपैकी कोण धडधाकट आहे, कोण घायाळ आहे आणि कोण मरणाच्या दारात आहे, एवढंच तो सांगतो. त्यानं कुणाला ओरखडाही उठत नाही. एखाद्या नर्सला किंवा सुइणीला वरदान वाटावा असा मंत्र, आणि त्याच्यावरही ईव्हिलचा शिक्का.

आता ज्यांच्यावर शिक्का नाही ते पाहा. 'फायरबॉल' हा या खेळातला सगळ्यात लाडका मंत्र. वीस फूट त्रिज्येचा आगीचा गोळा फुटतो आणि त्या वर्तुळात जे कुणी असेल ते होरपळतं. शत्रू, घोडा, मोलकरीण, मूल, जे असेल ते. शिक्का नाही. 'डॉमिनेट पर्सन' मंत्रानं दुसऱ्या माणसाचं शरीर दिवसेंदिवस आपल्या हुकुमात ठेवता येतं. शिक्का नाही. 'चार्म पर्सन'नं परका माणूस तुम्हाला जिवलग मित्र समजू लागतो. शिक्का नाही.

हा न्याय कुठून आला असेल? मला वाटतं, आपल्याकडच्या बायकांना याचं उत्तर लगेच सापडेल. हा विटाळाचा न्याय आहे. प्रेताशी, मरणाशी, काळोखाशी ज्याचा स्पर्श झाला ते अपवित्र. जळून किती जण मेले हे त्यात मोजत नाहीत, हात कशाला लागला हे मोजतात. ज्या घरात सुतकाचे नियम कडक पाळतात, पण सुनेला दिवसभर टोचून बोलतात, त्या घरातलं पुस्तक हेच असणार. विटाळ आणि पाप या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. विटाळ वस्तूला चिकटतो. पाप करणाऱ्याच्या मनात सुरू होतं आणि भोगणाऱ्याच्या जिवावर उतरतं. तिसऱ्या आवृत्तीच्या लेखकांनी विटाळाची यादी केली आणि वर पापाचं नाव घातलं.

मन ताब्यात घेणाऱ्या मंत्रांचं तर मला जास्तच वाटतं. आपल्याकडे लहानपणीच शिकवतात, स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावलेलं, ही तिन्ही आपल्याच खात्यावर. कृत, कारित, अनुमोदन. 'डॉमिनेट पर्सन' हे कारिताचं टोक झालं. पहारेकऱ्याच्या हातून त्याच्याच सोबत्याला मारवायचं आणि आपले हात कोरडे. शरीराला जखम न करता माणसाचं माणूसपण काढून घ्यायचं, हे जखमेपेक्षा हलकं कसं? २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मात्र एक शहाणपणाची ओळ आहे. 'चार्म पर्सन'चा अंमल उतरला की त्या माणसाला कळतं, आपल्यावर कुणी मोहिनी घातली होती ते. एवढ्या एका नियमानं खेळणाऱ्या मुलांना विचार करावा लागतो, उद्या हा समोर आला तर त्याला काय तोंड दाखवू? शिक्क्यानं जे साधलं नाही ते या ओळीनं साधलं.

शिक्क्यांच्या राज्यातला सगळ्यात विचित्र मंत्र 'होली स्माइट'. नावातच पावित्र्य आहे. आकाशातून दिव्य तेज कोसळतं. जे ईव्हिल त्यांना पूर्ण इजा, वर आंधळेपण. जे गुड त्यांना काहीच होत नाही. आणि जे ना धड चांगले, ना धड वाईट, त्यांना निम्मी इजा. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. बाजाराच्या दिवशी बेळगावच्या खडेबाजारात हे तेज कोसळलं तर? भाजीवाली, हमाल, रिक्षावाला, भाव करणाऱ्या आपण. आपल्यातले किती जण त्या दिवशी 'गुड'च्या खणात असतील? ज्यानं काही केलं नाही, फक्त पुरेसा चांगला नव्हता, त्याला अर्धी शिक्षा! आणि हा मंत्र पुण्यवानांचा. फायरबॉल निदान आपण आग आहोत हे लपवत तरी नाही.

इथे पॅलाडिनची आठवण काढायला हवी. पॅलाडिन म्हणजे व्रतस्थ योद्धा. जुन्या नियमांत त्याला लॉफुल गुडच असावं लागे, आणि जाणूनबुजून एक दुष्कृत्य केलं तरी त्याचं सामर्थ्य जात असे. ही कल्पना मला आवडते. व्रत मोडलं तर काहीतरी जावंच. पण खेळाडूंमध्ये एक प्रश्न वर्षानुवर्षं चघळला जातो. पॅलाडिननं ऑर्क नावाच्या राक्षसी टोळीचा तळ जिंकला. आत ऑर्कांची तान्ही मुलं सापडली. पुस्तकात ऑर्कांच्या नावापुढे 'ईव्हिल' छापलंय. आता काय करायचं?

खुद्द गायगॅक्सना २००५ च्या सुमारास खेळाडूंनी अशा प्रसंगांबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी लॉफुल गुडवाल्याचा कठोरपणा योग्य ठरवताना एका जुन्या म्हणीचा आधार घेतला. तिचा अर्थ असा की, लिखांच्याच पुढे उवा होतात. ही म्हण जॉन चिव्हिंग्टन या कर्नलच्या नावावर आहे. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कोलोरॅडोत सँड क्रीकच्या काठी त्याच्या सैनिकांनी शायान आणि अरापाहो या मूळ रहिवाशांच्या छावणीवर हल्ला केला. मारल्या गेलेल्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. गोब्लिन आणि ऑर्क काल्पनिक आहेत, हे मला मान्य. पण त्यांच्या पोरांना मारायचं समर्थन करताना जी म्हण आठवली, ती खऱ्या पोरांच्या रक्तातून आलेली होती.

आणि ती म्हण आपल्यापुढे तर अजिबात टिकत नाही. आपल्या आज्ज्या नातींच्या केसांतून फणी फिरवायच्या आणि सापडलेली ऊ नखावर चिरडायच्या नाहीत. कापसात किंवा कापडाच्या चिंधीत ठेवून बाजूला सोडायच्या. आम्हाला तेव्हा हसू यायचं. पण 'ही वाईट जात आहे, लहानपणीच संपवा' या विचाराला नकार देण्याचा तो रोजचा सराव होता. आपल्या देशातही इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली तो कायदा गेला, पण त्या जमातींच्या कपाळावरचा शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. जन्माबरोबर अलाइनमेंट चिकटवण्याची कल्पना खेळापेक्षा फार जुनी आहे.

बरं, वाईट माणूस सुधारला तर? १९७९ च्या पुस्तकात अलाइनमेंट बदललं की पात्राची एक पायरी खाली उतरत असे, म्हणजे मेहनतीनं मिळवलेलं सामर्थ्य कमी होई. बिघडला तरी दंड, आणि सुधारला तरी तोच दंड! २००३ साली सत्कृत्यांवर एक स्वतंत्र पुस्तक निघालं. त्यात 'सँक्टिफाय द विकेड' नावाचा फार वरच्या पायरीचा मंत्र आहे. दुष्टाचा आत्मा शरीरातून ओढून काढायचा आणि हिऱ्यात कोंडायचा. तिथे तो वर्षभर आपल्या पापांवर विचार करतो, आणि बाहेर येतो तो मंत्र म्हणणाऱ्याच्याच विचारांचा होऊन. हा मंत्र अत्यंत पवित्र मानलाय. म्हणणाऱ्यालाही त्यासाठी स्वतःच्या सामर्थ्यातलं काही कायमचं द्यावं लागतं.

त्याग आहे हे खरं. पण कोंडलेल्याची संमती कुठे आहे? पश्चात्ताप ही एकच गोष्ट अशी आहे की जी दुसऱ्याला आपल्यासाठी करता येत नाही. प्रतिक्रमण करायला बसतो तेव्हा शेजारची बाई आपल्या वतीनं बसून चालत नाही. वर्षभर कोंडून ठेवून कुणाला चांगलं करता येत असतं, तर तुरुंगातून सगळे साधू होऊनच बाहेर पडले असते. या मंत्रानं दुष्ट माणूस सुधारत नाही, नाहीसा होतो. त्याच्या देहाच्या नावावर दुसराच कुणी चांगला माणूस राहायला येतो.

तटस्थांचीही गंमत आहे. १९८९ च्या पुस्तकात पक्क्या तटस्थाचं उदाहरण म्हणून एक ड्रुइड येतो, म्हणजे रानातला निसर्गपूजक. तो लुटारू टोळीशी लढतो, पण टोळी समूळ नष्ट व्हायची वेळ आली की बाजू बदलून तिलाच वाचवायला धावतो. कारण काय, तर तराजूची पारडी सारखी राहिली पाहिजेत. शेवटचा जीव वाचवणं मला पटतं, कारण मात्र पटत नाही. वाचवायचं ते जीव आहे म्हणून, हिशेब जुळावा म्हणून नव्हे. आपण अनेकांताचा अभिमान बाळगतो, तेव्हा आपणही हे लक्षात ठेवलेलं बरं. सगळ्या बाजू ऐकून घेणं वेगळं, आणि प्रत्येक बाजूला सारखं माप घालणं वेगळं.

मग याहून बरा तक्ता कुठला? नेमिचंद्राचार्यांच्या गोम्मटसारात सहा लेश्यांचा दृष्टांत आहे. आपल्या मंदिरांत त्याचं चित्र असतं, पाठशाळेतल्या मुलांनाही तो ठाऊक असतो. सहा भुकेले वाटसरू जांभळाच्या झाडाखाली येतात. एक म्हणतो, झाड मुळासकट पाडू. दुसरा म्हणतो, खोड तोडू. तिसरा मोठी फांदी, चौथा डहाळी, पाचवा फक्त फळं तोडायला निघतो. सहावा म्हणतो, खाली पडलेली जांभळं पुरेशी आहेत. सहाही जणांना भूक सारखीच आहे आणि सहाही जणांना हवी आहेत ती जांभळंच. नऊ खण विचारतात, तू कोण? हे झाड विचारतं, तुझी गरज भागवताना तू किती मोडतोस? आणि लेश्या जन्माची नसते. आज फांदीवर असलेला उद्या पडलेल्या फळांवर समाधान मानू शकतो. तसाच सहावाही रागाच्या भरात कुऱ्हाड मागू शकतो.

मी हा तक्ता मंत्रांना लावून पाहिला. बंद दार आणि दोन पहारेकरी. आत जायचंय. फायरबॉल टाकणं म्हणजे झाड मुळासकट पाडणं. एका पहारेकऱ्याचं मन ताब्यात घेऊन त्याच्याकडून दुसऱ्याला मारवणं हेही खोडाच्या आसपासच. मोहिनी घालून किल्ली मागणं ही फांदी. 'स्लीप' मंत्रानं दोघांना थोडा वेळ झोपवणं ही डहाळी, हलवलं की ते जागे होतात. 'काम इमोशन्स'नं भडकलेली माथी शांत करून बोलणं सुरू करणं हे फळ तोडण्यासारखं. आणि मंत्रच न वापरता "आत आमचा माणूस अडकलाय हो," असं सांगून बघणं, ही पडलेली जांभळं. यात कुणावर शिक्का मारावा लागत नाही. मंत्रांची यादी तीच राहते, फक्त प्रत्येक वेळी मुलांना खालच्या फांद्यांकडे बघावं लागतं.

पाचव्या आवृत्तीत या दृष्टीनं दोन छान जागा आहेत, आणि टीका करताना त्याही सांगितल्या पाहिजेत. हातातल्या शस्त्राच्या वारानं शत्रू खाली पडणार असेल, तर त्या क्षणी मारणारा म्हणू शकतो, जीव घेत नाही, नुसता बेशुद्ध करतो. फायरबॉल टाकणाऱ्याला ही सवलत नाही. जवळ जाऊन लढणाऱ्याला शेवटच्या क्षणी हात आवरता येतो, लांबून आग फेकणाऱ्याला नाही. हा नियम लिहिणाऱ्यानं संयमाचा विचार केला होता की नाही, ते सोडा. नियमात तो आलाय. दुसरी जागा 'सँक्चुअरी' मंत्राची. हा ज्याच्यावर म्हटला त्याच्यावर शत्रूला सहजी वार करता येत नाही, पण त्यानं स्वतः कुणावर वार केला की कवच तिथेच संपतं. ज्याला अभय हवं त्यानं अभय द्यावं.

याच आवृत्तीत 'डिटेक्ट ईव्हिल अँड गुड' मंत्रही बदलला. जुन्या नियमांत असा मंत्र म्हटला की समोरच्याची दुष्टता थेट कळायची. आता तो फक्त जवळपास पिशाच्च किंवा दिव्य योनीतला कुणी आहे का, एवढंच सांगतो. माणसाच्या मनातलं सांगत नाही. मला ही सुधारणा सगळ्यात मोठी वाटते. दुसऱ्याची दुष्टता या मंत्रानं कळत नाही म्हटल्यावर त्याच्याशी बोलावं लागतं, त्याचं वागणं पाहावं लागतं, कधी फसावंही लागतं. सोयरीक जमवणाऱ्या प्रत्येक आईची हीच अवस्था असते.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, "अगं, खेळ तो खेळ. कागदावरच्या ऑर्कला मारलं तर बिघडलं कुठे?" आणि कुणी दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणेल, "मंत्रतंत्राचा खेळ घरात नकोच." दुसरं टोक अमेरिकेत होऊन गेलंय. १९८० च्या दशकात तिथे या खेळाविरुद्ध मोठी ओरड झाली. मुलगा गमावलेल्या एका आईनं १९८३ साली खेळाविरुद्ध संघटनाच काढली. खेळामुळे मुलं जीव देतात किंवा सैतानाच्या नादी लागतात, हे काही सिद्ध झालं नाही. पण कंपनीनं १९८९ च्या आवृत्तीत राक्षस-सैतानांची नावं बदलून टाकली. त्या आईच्या दुःखापुढे मी काही बोलणार नाही. एवढंच म्हणेन की त्या ओरडीतही पुन्हा विटाळच मोजला गेला. सैतानाचं नाव काढलं आणि फायरबॉल तसाच राहिला.

पहिल्या टोकाला आपल्याकडे यशोधर राजाची कथा आहे. संस्कृतात आहे, कन्नडमध्ये जन्न कवीनं लिहिली आहे, सीमाभागात आपण ती दोन्ही भाषांत ऐकलीय. आईच्या आग्रहाखातर राजा खरा जीव न मारता पिठाचा कोंबडा करून देवीला बळी देतो, आणि त्या पिठाच्या कोंबड्यापायी माय-लेकांना जन्मोजन्मी पशुयोनीत भटकावं लागतं. ही कथा घेऊन खेळणाऱ्या मुलांना घाबरवणं सोपं आहे. मला ती तशी वापरायची नाही. बाहुली मोडली तर पाप लागतं, असं ती सांगत नाही. पीठ कापताना मनात कापायचं कोण होतं, हे ती विचारते. बळी देण्याचा संकल्प खरा होता, कोंबडा तेवढा खोटा होता. खेळाच्या टेबलावरही हाच प्रश्न विचारायचा. मुलं कथा सांगतायत, की मारण्याची चव घेतायत?

आमच्याकडे एका संध्याकाळी मी मुलांना पोहे द्यायला गेले, तेव्हा वाद चालला होता. एका गोब्लिननं शस्त्र टाकून हात जोडले होते. एक मुलगा म्हणाला, "मार रे, पुस्तकात ईव्हिल लिहिलंय." क्लेरिकचं पात्र घेतलेली मुलगी म्हणाली, "पुस्तकानं त्याला पाहिलंय का? त्यानं हात जोडलेत ते मी पाहतेय." भाच्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, "मावशी, तू सांग." मी म्हटलं, "मी कशाला सांगू? तुमचा खेळ आहे." त्यावर अर्धा तास भांडण झालं, पोहे गार झाले आणि गोब्लिन वाचला. तो पुढे उलटला की नाही, हे मी विचारलं नाही. उलटला असता तरी त्या अर्ध्या तासाचं मोल कमी झालं नसतं. आपल्या घरांतून मुलांना नीती सांगितली जाते, पण भांडून ती ठरवायची संधी आपण किती देतो?

म्हणून या खेळाबद्दल माझं मत बरं आहे, त्याच्या नऊ खणांबद्दल नाही. २०२० साली कंपनीनं जाहीर केलं की ऑर्क वगैरे जमाती इतरांइतक्याच भल्याबुऱ्या माणसांनी भरलेल्या दाखवल्या जातील. २०२४ च्या नव्या पुस्तकातही नऊ खण आहेतच, पण आता त्यांच्यावर फारसं काही अवलंबून नसतं. पन्नास वर्षांनी का होईना, बाजू आणि शील यांची गाठ सुटायला लागलीय.

पात्राचा कागद मुलं पेन्सिलीनं भरतात, कारण जखमा, पैसा, सामान रोज बदलतं. रबरानं खोडून खोडून कागद मऊ पडतो. अलाइनमेंटचा रकाना मात्र पहिल्या दिवशी भरला की त्याला सहसा कुणी हात लावत नाही. तो रकाना काढून टाका, असं मी म्हणणार नाही. तोही इतरांसारखाच रोज खोडून लिहावा, एवढंच माझं म्हणणं आहे.